घरचा संगणक आणि जोडीची साठवण

गेल्या दिवाळींत दौंडचा आमचा पुतण्या शिरूरच्या घरीं आला, तो दोन लहानशा एसएसडी घेऊनच. "काका, जुन्या संगणकांत ह्या दोन जोडून टाकूं, वेग दुप्पट होईल," असा त्याचा आग्रह. घरांतील मोडी कागदांचीं छायाचित्रें, तीन पिढ्यांच्या लग्नमुंजींचीं चित्रें आणि आमच्या मातोश्रींच्या आवाजांतील ओव्या, सारें त्या एका संगणकांत होतें. म्हणून आम्हीं त्यास थांबविलें आणि दोघांनीं बसून विषयाची नीट चौकशी केली. ती इतर घरांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

एसएसडींत फिरती तबकडी नसते. विजेचा सूक्ष्म भार असंख्य कोठड्यांत कोंडून मजकूर राखलेला असतो. जुनी हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वीं पुष्कळदां करकर करी. ही बहुधा कांहीं न बोलतां जाते.

अशीं साधनें एकत्र जोडण्याच्या रीतीस 'रेड' म्हणतात. १९८८ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ ह्या त्रयीनें तिजवर निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या डिस्कऐवजीं अनेक स्वस्त डिस्क जोडाव्या, पण अनेक म्हटल्या कीं एकादी बिघडणारच, म्हणून जादा नोंद राखावी, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं एक ते पांच अशा पायऱ्या सांगितल्या. पुतण्यास हवी होती ती 'शून्य' पायरी मागाहूनची. तींत जादा नोंद मुळींच नाहीं.

कल्पना करा, पोथीचीं विषम पानें शिरुरास ठेविलीं आणि सम पानें दौंडास. दोघे एकदम वाचूं लागले तर पोथी लवकर संपेल खरी. परंतु एका घरचीं पानें गेलीं कीं दुसऱ्या घरच्या पानांचा अर्थ लागेनासा होतो. समजा, एक एसएसडी वर्षांत बिघडण्याची शक्यता शेंकडा २ आहे. तर ह्या जोडींत सर्वस्व जाण्याची शक्यता जवळजवळ ४ होते. बरें, लाभ तरी केवढा? जुन्या साटा जोडणींतून एक एसएसडी सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइट देते, दोन मिळून हजाराच्या आसपास. उलट एनव्हीएमई जातीची एकटी एसएसडी ३,००० हून अधिक देऊं शकते. आणि चार पत्रें व छायाचित्रें उघडण्यास ह्यांतील फरक डोळ्यांस जाणवतही नाहीं.

'एक' पायरींत तोच मजकूर दोहोंवर लिहिला जातो. १ टेराबाइटच्या दोन जोडल्या तरी वापरावयास १ च मिळतें. "मग निम्मी जागा फुकटच गेली कीं!" पुतण्या म्हणाला. फुकट नव्हे, एक गेली तरी संगणक चालूच राहतो. विंडोजमधील 'स्टोरेज स्पेसेस' ह्या सोयीनें हें जमतें. मात्र जोडतांना दोहोंवरील पूर्वीचा मजकूर पुसला जातो, हें आधीं ध्यानांत ठेवावें.

तथापि ही जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. घरांतील मुलानें चुकून एक चित्र पुसलें तर तें दोहोंवरून त्याच क्षणीं पुसलें जातें. वीज पडली, चोरी झाली, तरी तेंच. एकाच दिवशीं घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या दोन एसएसडी लागोपाठ जाण्याचाही संभव असतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पाणी शिरलें. अशा वेळीं एकाच कपाटांतील मूळ आणि नक्कल यांत पाणी भेद करीत नाहीं. शिरूर घोडनदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या. म्हणून एक प्रत दौंडास ठेवण्याचें ठरलें.

ती एसएसडीवर ठेवावी काय? झिजून आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीनें ३० अंश उष्णतेंत विजेवांचून एक वर्षच मजकूर राखावा, एवढीच प्रमाणभूत अपेक्षा आहे. नवी अधिक राखील. पण कपाटांत विसरून जावयाची ती वस्तु नव्हे. तेव्हां आम्हीं साधी हार्ड डिस्क घेतली. दर तीन महिन्यांनीं ती शिरुरास येते आणि भरून परत जाते.

पहिल्या खेपेस दौंडच्या मंडळींनीं प्रत उघडून ओव्या ऐकून पाहिल्या. एक अर्धवटच निघाली. आम्ही घाबरून मूळ पाहिलें, तर मातोश्रींना मध्येंच खोकला आल्यामुळें ती तेथेंच थांबलेली होती.