एक शहर, अनेक कारभार

बर्लिनमध्ये १९६१ साली उभी राहिलेली आणि ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झालेली भिंत जगाला ठाऊक आहे. पुण्याचे विभाजन मात्र भिंतीने नव्हे, तर कारभाराच्या हद्दींनी झाले आणि म्हणून ते सहज नजरेत भरत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाल्यावर इंग्रजांनी जुन्या पेठांबाहेर पुणे आणि खडकी येथे छावण्या वसवल्या. छावणी, म्हणजे कॅन्टोन्मेंट, हा लष्करी प्रशासनाखालील स्वतंत्र प्रदेश असल्याने पेठांतील रहिवासी आणि लष्करातील रहिवासी एकाच गावात राहूनही दोन निरनिराळ्या नियमांखाली नांदत होते.

१८५७ साली पेठांसाठी नगरपालिका स्थापन झाली आणि पुढे उपनगरांसाठी वेगळी नगरपालिका आली. पेठांच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्यास एकट्याने विरोध केला होता. करदात्याच्या पैशाचा जाब विचारणारा माणूस सभागृहात असणे, हा नागरी स्वराज्याचा गाभाच होय. स्वातंत्र्यानंतर, १५ फेब्रुवारी १९५० रोजी, या दोन्ही नगरपालिका एकत्र करून पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली, परंतु छावण्या तेव्हाही बाहेरच राहिल्या.

मुळशी तालुक्यातील मारुंजीत आज तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे येथे उंच इमारती झाल्या असून जवळचे वाकड आणि ताथवडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहेत, तर मारुंजीचा कारभार ग्रामपंचायतीच्या चौकटीत वाढला आणि बांधकाम परवानगीचे अधिकार २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले. पाणी, सांडपाणी आणि रस्ते हद्द पाहून थांबत नसल्याने महापालिकेत समावेशाची चर्चा वर्षानुवर्षे चालू राहिली आहे.

पुण्याचा अनुभव असा, की हद्दी पुसणे ही केवळ सुरुवात असते. विलीनीकरणाच्या आदेशासोबतच जलवाहिन्यांचे वेळापत्रक, टप्प्याटप्प्याने वाढणारी करआकारणी आणि नव्या रहिवाशांइतकेच मूळ ग्रामस्थांनाही सभागृहात पुरेसे प्रतिनिधित्व यांची हमी मिळाली, तरच मारुंजीला शहराचा बोजाच नव्हे, तर शहराचा अधिकारही लाभेल.