कलाकृतींची टोकनविक्री

चित्र, शिल्प, रेखाटन यांसारख्या मूळ मूर्त कलाकृतीची मालकी किंवा त्या मालकीतील अंश दर्शविणारी नोंद ब्लॉकचेन या सामायिक अंकीय नोंदवहीत करून तिच्या हस्तांतराने कलाकृती विकण्याची पद्धती. अशा नोंदीस टोकन म्हणतात. संगणकावरच निर्माण होणाऱ्या व तेथेच पाहिल्या जाणाऱ्या कलाकृतींचीही टोकने विकली जातात. तथापि त्यांचा विचार येथे केलेला नाही. मूर्त कलाकृतीच्या बाबतीत एक प्रश्न अधिक उद्‌भवतो. नोंदवहीतील टोकन एकाकडून दुसऱ्याकडे गेले, म्हणजे भिंतीवरील चित्राची मालकीही त्याबरोबर जाते काय, हा तो प्रश्न होय.

पार्श्वभूमी : मूळ कलाकृतीचे मोल मुख्यतः तिच्या अस्सलपणावर ठरते आणि अस्सलपणाचा एक प्रमुख पुरावा म्हणजे कलावंतापासून आजच्या धारकापर्यंतची मालकीची अखंड परंपरा. ही परंपरा विक्रीच्या पावत्या, प्रदर्शनांच्या सूची, तज्ञांची प्रमाणपत्रे यांवरून सिद्ध करावी लागते. असे कागद गहाळ होतात, तसेच त्यांची बनावटही करता येते. शिवाय नामवंत कलावंताची कृती एकट्याने विकत घेणे फार थोड्यांना परवडते. नोंदींची सुरक्षितता आणि मालकीची विभागणी या दोन गरजांपोटी कलाबाजाराचे लक्ष ब्लॉकचेनकडे वळले.

कार्यपद्धती : ब्लॉकचेनची प्रत एकाच वेळी अनेक संगणकांवर असते. नोंदींच्या प्रत्येक गटावर आधीच्या गटाची गणितीय खूण उमटविलेली असल्यामुळे जुनी नोंद कोणास नकळत बदलणे जवळजवळ अशक्य होते. बिटकॉइन या कूटचलनासाठी २००९ पासून ही रचना वापरात आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ईथिरियम या जाळ्यात नोंदींबरोबर आपोआप अंमलात येणाऱ्या आज्ञावलीही ठेवण्याची सोय झाली. टोकनांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील टोकने नाण्यांप्रमाणे एकसारखी व परस्परांशी बदलता येण्याजोगी असतात. ती अंशविक्रीसाठी सोयीची ठरतात. दुसऱ्या प्रकारातील प्रत्येक टोकन एकमेव असते व ते संपूर्ण कलाकृतीचे द्योतक मानले जाते. टोकन धारकाच्या गुप्त सांकेतिक किल्लीने हस्तांतरित होते. ही किल्ली हरवल्यास टोकन वापरता येत नाही.

अंशविक्री : या प्रकारात कलाकृती सामान्यतः एखाद्या संस्थेच्या नावे करून विमा उतरवून सुरक्षित कोठारात ठेवतात आणि मालकीचे अंश टोकनांच्या रूपाने विकतात. २०१८ मध्ये मीसीनस या कंपनीने लंडनमधील एका कलावीथीच्या सहकार्याने अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराच्या १४ स्मॉल इलेक्ट्रिक चेअर्स (१९८०) या चित्रातील ३१·५ टक्के अंश अशा रीतीने विकला. चित्राचे मूल्य सु. ५६ लक्ष डॉलर धरण्यात आले होते व विक्रीतून सु. १७ लक्ष डॉलर जमा झाले. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिग्नम बँकेने पिकासोच्या १९६४ मधील बेरेट टोपी घातलेल्या मुलीच्या चित्राचे मूल्य ४० लक्ष स्विस फ्रँक ठरवून त्याची ४,००० टोकने काढली. अशा टोकनाच्या धारकाला चित्र घरी नेता येत नाही. त्याला मिळतो तो चित्राच्या भावी विक्रीतील वाटा. त्यामुळे ही खरेदी कलासंग्रहापेक्षा कंपनीच्या भागांतील गुंतवणुकीला अधिक जवळची आहे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसा अडकून पडण्याचा धोकाही तीत असतो.

संपूर्ण कलाकृतीची विक्री : या प्रकारातील सर्वांत बोधप्रद उदाहरण डेमियन हर्स्ट या इंग्रज कलावंताच्या द करन्सी या प्रकल्पाचे आहे. रंगीत ठिपक्यांच्या १०,००० कागदी चित्रांसाठी तेवढीच टोकने जुलै २०२१ मध्ये प्रत्येकी २,००० डॉलरना विक्रीस काढण्यात आली. ग्राहकाने वर्षभरात टोकन परत करून कागदी चित्र घ्यावे किंवा टोकन राखून चित्रावरील हक्क सोडावा, असा करार होता. मुदतीअखेर ५,१४९ टोकनांच्या बदल्यात चित्र पसंत करण्यात आले. उरलेली ४,८५१ टोकने तशीच राहिली. त्यांपैकी १,००० स्वतः हर्स्टची होती. ज्यांची टोकने राहिली ती चित्रे ऑक्टोबर २०२२ पासून लंडनमधील न्यूपोर्ट स्ट्रीट गॅलरीत जाळण्यात आली. वस्तू आणि नोंद ही दोन वेगळी द्रव्ये आहेत, ही गोष्ट या प्रयोगाने प्रत्यक्ष दाखवून दिली.

याच प्रकल्पाने नोंदीची मर्यादाही उघड केली. या चित्रांवर २०१६ हे वर्ष होते. त्यांतील किमान १,००० चित्रे त्यानंतर काही वर्षांनी तयार झाल्याचे वृत्त द गार्डियन या दैनिकाने २०२४ मध्ये दिले. संकल्पनात्मक कलाप्रकल्पात संकल्पना सुचल्याचे वर्ष घालण्याची प्रथा आहे, अशी बाजू हर्स्टच्या वतीने मांडण्यात आली. यापैकी कोणताही पक्ष ग्राह्य मानला, तरी एक गोष्ट स्पष्ट होते. केलेली नोंद पुढे कोणी बदलणार नाही, याची हमी ब्लॉकचेन देते. ती नोंद मुळात खरी होती, याची हमी देत नाही. नकली चित्राचेही टोकन निर्दोष असू शकते. म्हणून टोकन काढण्यापूर्वीची तज्ञाची पारख, तसेच कलाकृतीचा ताबा असणाऱ्याची सचोटी, यांचे महत्त्व यत्किंचितही कमी होत नाही.

विधिविषयक बाजू : टोकनाचा ताबा म्हणजे वस्तूची मालकी, असे समीकरण केवळ आज्ञावलीमुळे सिद्ध होत नाही, त्यासाठी करार व कायदा यांचा आधार लागतो. नोंदवहीतील टोकनाबरोबर हक्काचेही हस्तांतर व्हावे, अशी तरतूद स्वित्झर्लंडने २०२१ मध्ये अंमलात आणली. भारतात मालविक्रीविषयक १९३० च्या अधिनियमानुसार, काही अपवाद वगळता, विक्रेत्याला स्वतःजवळ आहे त्याहून अधिक चांगला हक्क खरेदीदारास देता येत नाही. अर्थात चोरीच्या चित्राचे टोकन घेणारास ते टोकन मिळेल. चित्राची मालकी मिळणार नाही. भारतात २०२२ मध्ये आभासी अंकीय मालमत्तेच्या हस्तांतरावरील उत्पन्नास ३० टक्के कर लागू झाला. मात्र ज्या एकमेव टोकनाच्या हस्तांतराने मूर्त वस्तूची मालकी कायद्याने बंधनकारक रीतीने हस्तांतरित होते, ते टोकन त्याच वर्षीच्या जूनमधील अधिसूचनेने या मालमत्तेच्या व्याख्येतून वगळण्यात आले. वस्तू खरोखरच हस्तांतरित होते की नाही, या मूळ प्रश्नाची दखल करविधीलाही अशा प्रकारे घ्यावी लागली. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम (१९७२) याचेही बंधन विसरून चालत नाही. राजा रविवर्मा किंवा अमृता शेरगिल यांच्या भारतातील चित्रांना राष्ट्रीय कलानिधी म्हणून निर्यातबंदी आहे. त्यांचे टोकन क्षणार्धात परदेशी जाईल. चित्र येथेच राहील.

कलावंताचा वाटा : उमेदीच्या काळात अल्प किंमतीला विकलेले चित्र पुढे अनेक पटींनी महाग विकले जाते, पण त्याचा लाभ चित्रकाराला क्वचितच होतो. प्रत्येक पुनर्विक्रीतून कलावंताला ठराविक वाटा आपोआप मिळावा, अशी आज्ञावली टोकनात घालता येईल, हे या पद्धतीचे मोठे आकर्षण होते. परंतु असा वाटा देणे पुष्कळदा विक्रीपेठेच्या इच्छेवर राहते. ओपनसी या मोठ्या पेठेने ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या टोकनसंग्रहांसाठी त्याची सक्ती काढून टाकली. शिवाय चित्र टोकनाविना रोखीने विकले गेल्यास आज्ञावलीला त्याचा पत्ताही लागत नाही. पुनर्विक्रीतील वाट्याचा हक्क फ्रान्सने १९२० मध्ये कायद्याने मान्य केला. भारताच्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमातही १९९४ च्या दुरुस्तीने तो समाविष्ट झाला असून १०,००० रुपयांवरील पुनर्विक्रीस तो लागू होतो. वाट्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे.

टोकनविक्रीमुळे हस्तांतराचा इतिहास स्वच्छ राहतो व अनेकांना अल्प रकमेने सहभागी होता येते, हे तिचे निर्विवाद गुण होत. परंतु कलाकृती व तिची नोंद यांना जोडणारा दुवा गणिताचा नाही. तो करार, पारख, ताबा आणि न्यायसंस्था यांचा आहे. हा दुवा बळकट असेल तेथे टोकन हे मालकीचे सोयीस्कर साधन ठरते. तो तुटला, तर खरेदीदाराच्या हाती केवळ एक अचूक नोंद उरते.