अडकून पडण्यातली गंमत

संगणकावरील खेळ म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धडाडणाऱ्या बंदुका, भरधाव मोटारी आणि कळफलकावर तुटून पडलेली बोटे उभी राहतात. हे काम पोराटोरांचे, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, हा समजही त्यातूनच रुजला आहे. मात्र घड्याळाचा धाक नाही, शत्रूंच्या झुंडी नाहीत आणि बोटांच्या चपळाईला फारशी किंमत नाही, असाही एक प्रकार याच संगणकावर चार दशके नांदतो आहे. त्याला 'पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर' म्हणतात.

'ॲडव्हेंचर' या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. येथले साहस बव्हंशी डोक्याने करायचे असते. पडद्यावर एक चित्र दिसते. एखादे बंदर, पडका वाडा किंवा बंद पडलेला कारखाना. त्यात एक पात्र उभे असते. माउसने दारावर टिचकी मारली, की ते दाराशी जाते. माणसावर मारली, की त्याच्याशी बोलते. टेबलावरच्या कात्रीवर मारली, की ती उचलून खिशात टाकते. हा खिसा अथांग असतो. शिडीपासून जिवंत माकडापर्यंत काहीही त्यात मावते आणि त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. पुढे केव्हातरी खिशातली एखादी वस्तू भलत्याच ठिकाणी कामी येते, अडलेले दार उघडते आणि कथा एक पाऊल पुढे सरकते. वेताळपंचविशीत वेताळ गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारतो. येथे प्रश्न गोष्टीच्या मधोमध ठाण मांडून बसतो आणि उत्तर मिळेपर्यंत गोष्ट जागची हलत नाही.

त्यामुळे असा खेळ चांगला की वाईट, हे ठरते ते कोड्याच्या प्रामाणिकपणावर. उत्तर कळताच खेळणाऱ्याने कपाळावर हात मारून 'अरेच्चा, हे तर समोरच होते' असे म्हटले पाहिजे. 'हे कोणाच्या बापाला सुचले असते?' असे म्हणण्याची पाळी आली, की खेळ बिघडला. या प्रकाराचा उत्कर्ष, पडझड आणि पुनरागमन या तिन्हींशी या कसोटीचे जवळचे नाते आहे.

प्रामाणिक कोडे कसे असते, हे पाहायचे तर टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांचा १९९३ मधील 'डे ऑफ द टेन्टॅकल' पाहावा. यात तीन मित्र तीन काळांत अडकले आहेत. एक वर्तमानात, दुसरा दोनशे वर्षे मागे आणि तिसरी दोनशे वर्षे पुढे. तिघांपाशी एकेक फिरते शौचालय आहे आणि त्यात टाकलेली वस्तू दुसऱ्या काळातल्या मित्राच्या हाती पडते. भविष्यातली मुलगी एका झाडावर लटकून राहिली आहे. तिला खाली उतरवायचे कसे? भूतकाळात ते झाड उभे आहेच आणि जवळच्या घरात जॉर्ज वॉशिंग्टन मुक्कामाला आहे. लहानपणी त्याने चेरीचे झाड तोडल्याची आख्यायिका अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र हे झाड आहे कुमक्वाट या पिवळट फळाचे. फळांना लाल रंग फासला, की वॉशिंग्टनला ते चेरीचे वाटते, तो कुऱ्हाड चालवतो आणि दोनशे वर्षांनंतर मुलगी आपोआप जमिनीवर येते. याच खेळात भूतकाळात पुरून ठेवलेल्या दारूचे भविष्यात व्हिनेगर झालेले असते आणि नेमके तेच हवे असते. उत्तर विक्षिप्त आहे, पण तर्काला सोडून नाही. आख्यायिका ठाऊक नसलेल्या वाचकाला मात्र पहिल्या कोड्यात ठेच लागेल, हेही खरे.

ही कला एका रात्रीत साधली नाही. १९७०च्या दशकात विल क्राउदर आणि डॉन वूड्स यांनी घडवलेल्या गुहेतल्या साहसात चित्र नव्हतेच. पडद्यावर वर्णन उमटे आणि आज्ञा टंकाव्या लागत. १९८० मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दाम्पत्याने 'मिस्टरी हाउस'मध्ये प्रथमच रेघांची चित्रे आणली. त्यांच्या कंपनीच्या 'किंग्ज क्वेस्ट'ने १९८४ मध्ये चित्रात चालते-फिरते पात्र आणले. तरीही आज्ञा टंकाव्या लागतच आणि संगणकाला नेमका कोणता शब्द हवा आहे, हे ओळखणे हेच अनेकदा मोठे कोडे होऊन बसे. मॅकिंटॉशवर १९८५ मध्ये आलेल्या 'देजा व्हू'ने माउसचा मार्ग दाखवला. १९८७ मध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या 'मॅनियाक मॅन्शन'ने तो रूढ केला. त्यात 'उघड', 'ढकल', 'ओढ', 'वाच' अशी क्रियापदेच पडद्याच्या तळाशी मांडून ठेवलेली होती. शब्द ओळखण्याची कटकट मिटली आणि खेळणाऱ्याचे डोके खऱ्या कोड्यासाठी मोकळे झाले.

तरीही खेळणाऱ्याचा छळ थांबला नाही. 'किंग्ज क्वेस्ट'च्या १९९०च्या पाचव्या भागात राजाला एक पाय, म्हणजे गोड पदार्थ मिळतो. भूक लागली म्हणून तो खाल्ला, तर बराच वेळ काहीच बिघडत नाही. पुढे बर्फातल्या हिममानवाच्या तोंडावर फेकायला नेमका तोच लागतो. जवळ नसेल, तर खेळ तेथेच संपतो. मांजरापासून उंदराला वाचवण्याची एक निसटती संधीही अशीच. ती हुकली, तर पुढे तळघरात हातपाय बांधून टाकलेल्या राजाच्या दोऱ्या कुरतडायला कोणी येत नाही. चूक कोठे झाली, हे सांगण्याची तसदी मात्र खेळ घेत नाही.

या प्रकाराला वैतागून गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये एक लेखच लिहिला. असे खेळ कंटाळवाणे का होतात, याची कारणे त्यात होती आणि त्यांच्या स्वतःच्या 'मॅनियाक मॅन्शन'लाही त्यांतली काही लागू पडत होती. खेळणाऱ्याला परतीची वाट नसलेल्या कोपऱ्यात ढकलू नये, शिकण्यासाठी त्याला मरायला लावू नये आणि दरी आधी दिसावी, दोर नंतर सापडावा, अशी त्यांची सूत्रे होती. शेवटचे सूत्र साधे वाटते, पण त्यात सारे मर्म आहे. अडचण आधी ठाऊक असेल, तरच वाटेत पडलेला दोर पाहून डोळे चमकतात. एरवी तो खिशातली आणखी एक अडगळ ठरतो.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला आणि ही सूत्रे कागदावरून पडद्यावर उतरली. गायब्रश थ्रीपवुड नावाच्या बावळट तरुणाला समुद्री चाचा व्हायचे आहे. त्यासाठी तलवारबाजी यायला हवी. येथे तलवारबाजी जिंकायची ती टोमणे मारून. रस्त्यात भेटणाऱ्या चाच्यांकडून टोमणे आणि त्यांची उत्तरे गोळा करायची, आणि मग तलवारीत निष्णात असलेल्या बाईशी सामना. ती मात्र एकही ओळखीचा टोमणा वापरत नाही. तिच्या नव्या टोमण्यांना जुनी उत्तरे कोठे चपखल बसतात, हे शोधावे लागते. पुरुष-बायकांच्या सवाल-जवाबांवर वाढलेल्या मराठी माणसाला ही लढाई परकी वाटणार नाही.

भाषेच्या अशा खेळाला दुसरी बाजूही आहे. याच मालिकेच्या १९९१च्या दुसऱ्या भागात धबधब्याचा पंप बंद करण्यासाठी चक्क एक माकड पान्यासारखे वापरावे लागते. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला पाना म्हणतात, त्याच्या एका प्रकाराला अमेरिकेत 'मंकी रेंच' म्हणतात, एवढाच त्याचा आधार. ते नाव कानावर न पडलेल्यांनी कितीही डोके खाजवले, तरी उपयोग नव्हता. उत्तम खेळही कसोटीवर कसा घसरतो, याचा हा नमुना.

१९९३ मध्ये रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा 'मिस्ट' आला. निर्मनुष्य बेट, स्थिर चित्रे, ना सूचना, ना मरण. त्याच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत तो संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ राहिला. त्याच वर्षअखेरीस मात्र 'डूम'ही आला होता आणि वारा फिरू लागला होता. १९९९च्या फेब्रुवारीत विल्यम्स दाम्पत्याच्या जुन्या कंपनीचा ओकहर्स्ट येथील स्टुडिओ बंद झाला. 'मॅनियाक मॅन्शन'ची जननी असलेल्या लुकासआर्ट्सने २०००नंतर असा खेळ काढला नाही. सुरू असलेले दोन खेळही २००३ आणि २००४ मध्ये गुंडाळले.

या अंताचे खापर अनेकदा एका मिशीवर फोडले जाते. १९९९च्या 'गॅब्रिएल नाइट ३'मध्ये नायकाला दुसऱ्याच्या नावाची मोटारसायकल हवी असते. त्यासाठी भोकाला चिकटपट्टी लावून मांजराला त्यातून पळवायचे, चिकटलेल्या केसांना पाकातून काढून मिशी बनवायची आणि तो दुसरा मनुष्य मुळात मिशी ठेवतच नसल्याने त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रालाही मिशी काढायची! पुढे 'पोर्टल'च्या लेखकांपैकी एक म्हणून नाव कमावलेले एरिक वोलपॉ यांनी २००० मध्ये या मिशीची यथेच्छ टर उडवली. ॲडव्हेंचर खेळांचा कोणी खून केला नाही, ते आपल्या हातांनीच मेले, असा त्यांचा निष्कर्ष. निष्कर्ष खुसखुशीत आहे, पण अर्धाच खरा. असली कोडी भरभराटीच्या काळातही होतीच. हाताने रंगवलेली शेकडो चित्रे आणि अभिनेत्यांचे तासन्‌तासांचे आवाज यांचा खर्च वाढत गेला आणि एकदा उकललेला खेळ पुन्हा खेळावासा वाटत नाही, हा हिशेबही तितकाच जीवघेणा होता. १९९८चा 'ग्रिम फँडँगो' तर कोड्यांपेक्षा कथेसाठीच लक्षात राहतो. मेक्सिकोतील मृतांच्या सणाभोवती गुंफलेल्या या खेळाचा नायक परलोकातला प्रवास-विक्रेता आहे. पुण्यवान आत्म्यांना चार मिनिटांत पोहोचवणारी आगगाडी आणि इतरांना चार वर्षांची पायपीट! समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला हा खेळ बाजारात मात्र अपेक्षेइतका चालला नाही.

दार पुरते बंद झाले नाही, याचे श्रेय युरोपाला द्यावे लागेल. बेल्जियन चित्रकथाकार बेन्वा सोकाल यांचा 'सायबेरिया' २००२ मध्ये आला. झेक प्रजासत्ताकातील याकुब द्वोर्स्की यांच्या चमूने २००९ मध्ये 'मशिनेरियम' दिला. २०१२ मध्ये टिम शेफर यांनी थेट खेळणाऱ्यांपुढेच झोळी पसरली. चार लाख डॉलर मागितले, तेहतीस लाखांहून अधिक मिळाले. २०२२ मध्ये गिल्बर्ट स्वतः 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊन परतले आणि या वेळी खेळातच इशाऱ्यांची एक वही ठेवली होती.

नवख्याने सुरुवात कोठून करावी? घरात लहान मूल असेल, तर 'मशिनेरियम'ला पर्याय नाही. त्यात एकही संवाद नाही, यंत्रमानव चित्रांच्या फुग्यांतून विचार करतात. इंग्रजी येवो न येवो, आजी आणि नातू एकाच खुर्चीवर बसून तो खेळू शकतात. भंगारात फेकलेल्या यंत्रमानवाला स्वतःचेच अवयव गोळा करून उभे करायचे, हे त्यातले पहिलेच काम. कादंबरीत रमणाऱ्यांनी 'सायबेरिया' घ्यावा. न्यूयॉर्कची वकील केट वॉकर आल्प्समधल्या गावात चालती-बोलती बाहुली-यंत्रे बनवणारा कारखाना विकत घेण्याच्या सह्या करायला येते. मालकीणबाई नुकत्याच वारलेल्या, मेला म्हणून समजलेला त्यांचा भाऊ जिवंत आणि सही त्याची हवी. कोडी बेताची आहेत, चाल संथ आहे, काहींना ती फारच संथ वाटेल. पण किल्ली देऊन चालणाऱ्या आगगाडीतला तो प्रवास विसरता येत नाही. रहस्यकथांच्या शौकिनांसाठी १९९६चा 'ब्रोकन सोर्ड'. पॅरिसमधल्या कॅफेत विदूषकाच्या वेषातला मारेकरी बॉम्ब ठेवून जातो, येथपासून कथा पकड घेते. आयर्लंडमधल्या बोकडापाशी मात्र सावध राहावे. साऱ्या खेळात घाई नसताना तेथे अचानक चपळाई लागते आणि त्यासाठी तो बोकड आजही शिव्या खातो. 'मंकी आयलंड' आणि 'डे ऑफ द टेन्टॅकल' नव्या साजात उपलब्ध आहेत. तेही घ्यावेत, पण इंग्रजी विनोदाची गोडी असेल तर.

खेळताना एक वही जवळ असावी. प्रत्येक पात्राशी दोनदा बोलावे, कारण दुसऱ्या खेपेला ते नवे काही सांगण्याची शक्यता असते. आणि अडल्यावर लगेच इंटरनेटवरची तयार उकल उघडू नये. पूर्वी कंपन्या उकलीच्या पुस्तिका वेगळ्या विकत, त्यामुळे मोह आवरण्यास पैशांची तरी मदत होई. आज उत्तर दोन टिचक्यांवर आहे, आणि उत्तर वाचून उघडलेल्या दाराला काडीची चव नसते. संगणक बंद करून झोपावे. शब्दकोड्यातला रिकामा राहिलेला उभा शब्द जसा दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुचतो, तसेच येथेही घडते. अर्थात दोन-तीन दिवसांतही काही सुचले नाही, तर दोष कदाचित कोड्याचाच असेल. मांजराच्या केसांच्या मिशीसाठी कोणी झोप गमावू नये. अशा वेळी एकच इशारा वाचावा आणि पान बंद करावे. दोघांनी मिळून खेळणे तर सर्वांत उत्तम, कारण एकाच्या नजरेतून सुटलेली किल्ली दुसऱ्याला हमखास दिसते.

पैसे खर्च करण्यापूर्वी चव पाहायची असेल, तर १९९४चा 'बिनीथ अ स्टील स्काय' आहे. जुने खेळ नव्या संगणकांवर चालवणारी 'स्कमव्हीएम' ही मोफत प्रणाली २००१ मध्ये काही हौशी तंत्रज्ञांनी सुरू केली, आणि २००३ मध्ये हा खेळ त्याच्या निर्मात्यांनीच सर्वांना विनामूल्य खुला केला. त्याची चित्रे 'वॉचमेन'चे चित्रकार डेव्ह गिबन्स यांची आहेत. भविष्यातल्या ऑस्ट्रेलियातल्या एका पोलादी शहरात हेलिकॉप्टर कोसळते आणि पाठलागावरच्या शिपायांना चुकवून रॉबर्ट फॉस्टर एका कारखान्यात शिरतो. खालचे दार बंद आहे, खिशात मित्र यंत्रमानवाचा मेंदू असलेली एक पट्टी आहे आणि दार उघडण्याजोगे हातात काहीच नाही. ज्या जिन्यापाशी तो उभा आहे, त्याचा कठडा एकदा नीट न्याहाळावा, एवढे सांगितल्याने फारसा रहस्यभंग होऊ नये.