यंत्राला न्याय उमगतो तेव्हा

रहस्यकथा वाचताना आपलं सगळं लक्ष ‘खून केला कुणी?’ याकडेच असतं. कथेतली माणसं पहिल्या पानावर असतात तशीच शेवटच्या पानावर राहिली, तरी आपली काही तक्रार नसते. पण एका मालिकेत मला खुन्यापेक्षा जास्त ओढ लागली ती चक्क एका यंत्रमानवाची. त्याचं नाव आर. डॅनील ऑलिवॉ. यातला ‘आर’ म्हणजे रोबो!

आयझॅक असिमॉव्ह यांची ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही कादंबरी १९५४ साली पुस्तकरूपात आली. भविष्यातलं न्यूयॉर्क, एका शास्त्रज्ञाचा खून आणि तपासाला दोघं जण: चिडका, संसारी पोलीस एलायजा बेली आणि हुबेहूब माणसासारखा दिसणारा डॅनील. रोबोंमुळे माणसांच्या नोकऱ्या जाताहेत, म्हणून बेलीला त्यांचा राग. त्यात हा जोडीदार!

न्याय म्हणजे काय, असं बेली विचारतो, तेव्हा डॅनीलचं उत्तर तयार असतं. सगळे कायदे पाळले गेले की झाला न्याय! मग बेली त्याला बायबलमधली एक गोष्ट सांगतो. व्यभिचाराचा आरोप असलेल्या एका स्त्रीला दगडांनी ठेचून मारायला जमाव निघालेला असतो. कायदाही जमावाच्याच बाजूचा. तरी येशू तिला वाचवतो. डॅनीलला तेव्हा हे काही कळत नाही. पण खुनाचा उलगडा झाल्यावर तोच सुचवतो, की वाईटाचा नुसता नाश करण्यापेक्षा त्याचं चांगल्यात रूपांतर करणं बरं.

या वाढीसाठी त्याला माणूस व्हावं लागत नाही, हे मला फार आवडतं. रडणं नाही, प्रेमात पडणं नाही. तो ऐकतो, मनात ठेवतो आणि वेळ आली की वापरतो, एवढंच.

‘द नेकेड सन’ (१९५७) आणि ‘द रोबोट्स ऑफ डॉन’ (१९८३) या पुढच्या पुस्तकांमध्ये दोघांची मैत्री मुरत जाते. ‘रोबोट्स अँड एम्पायर’मध्ये (१९८५) बेली केव्हाच गेलेला असतो. माणसाला इजा करायची नाही, हा रोबोंचा पहिला नियम. डॅनील त्याच्याही वर एक नियम मांडतो: एका माणसापेक्षा अख्ख्या मानवजातीचं हित मोठं.

मैत्रिणींनो, इथे मात्र मी थबकले. ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ हे शब्द आपल्या ओळखीचे नाहीत का? घराच्या भल्यासाठी नोकरी सोड, भावाच्या शिक्षणासाठी तुझं थांबव. भलं सगळ्यांचं, आणि किंमत मोजायची एकीने!

असिमॉव्हनाही हा धोका दिसला असावा. कारण डॅनीलचा सोबती, जिस्कार्ड नावाचा रोबो, याच नियमानुसार पृथ्वीबाबत एक भयंकर निर्णय घेतो. पण त्यातून मानवजातीचं खरंच भलं होईल का, याची त्याला खात्री देता येत नाही. तो ताण त्याच्या मेंदूला सोसत नाही आणि तो कायमचा बंद पडतो.

दुसऱ्याचं आयुष्य पणाला लावताना एक यंत्र कोसळतं. आपल्याकडे असे निर्णय जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या होतात, आणि कुणाचा घासही अडत नाही.