मोळी सोडल्याशिवाय हातचा नाही

लिंबागणेशला लोक येतात ते भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला. आमच्या वर्गाचं वेळापत्रक मात्र कोयत्यावर चालतं. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, पोरंही आईबापांबरोबर कोपीवर जातात. उन्हाच्या तोंडाशी ती परततात, तोवर हातच्याची वजाबाकी शिकवून झालेली असते.

तिसरीतल्या अशाच एका मुलीनं पाटीवर ५२ वजा ३८ मांडलं आणि उत्तर लिहिलं २६. पूर्वी मी फुली मारून पुढं गेलो असतो. त्या दिवशी विचारलं, "कसं केलंस गं?"

"आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. तुम्हीच म्हणलात ना सर, मोठ्यातून लहान काढायचं."

म्हणालो होतो खरा. नियम तिनं तंतोतंत पाळला होता. अर्धवट सांगितला होता मी. तेव्हापासून चुकीचं उत्तर दिसलं की आधी पोराला त्याची रीत बोलायला लावतो. रीत ऐकल्याशिवाय दुरुस्ती कशाची करणार?

तिच्यापुढं तुराटीच्या काड्या ठेवल्या. दहा-दहाच्या पाच मोळ्या सुतळीनं बांधल्या, दोन काड्या सुट्या. "यातल्या अडतीस मला दे." तीन मोळ्या तिनं लगेच दिल्या. मग सुट्या दोन काड्यांकडं बघत राहिली. "सर, मोळी सोडावी लागंल." फडात वाढ्यानं मोळ्या बांधताना तिनं रोज पाहिलेलं. सोडली, बारातल्या आठ दिल्या, उरल्या चौदा. 'हातचा' हा शब्द मी त्यानंतर उच्चारला.

सराव मात्र रटाळ होतो. तिथं मदतीला येतात द. रा. कापरेकर. देवळालीच्या शाळेत हे गणित शिकवायचे. ६१७४ या संख्येची गंमत त्यांनी शोधली आणि ती जगभर पोचली. ती गंमत चार अंकांची; लहानांसाठी मी तसाच तीन अंकांचा खेळ घेतो. अंक सगळे सारखे नकोत. ३५२ घ्या. अंक उतरते मांडा, मग चढते, आणि वजा करा: ५३२ वजा २३५, २९७. पुन्हा तसंच: ९७२ वजा २७९, ६९३. मग ५९४, मग ४९५, आणि तिथून हलायचं नाव नाही. 'मोठ्यातून लहान' करणारं पोर याच ३५२ वरून ३०३ वर जाऊन अडकतं. शेजारच्याची पाटी बघून स्वतःच चपापतं.

परवा मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, मधी सारखा नऊच का येतोय?"

मी फळ्याकडं वळलो, तेवढ्यात तीच मुलगी उठली. "मधला अंक वर-खाली सारखाच हाय. त्यातली एक मोळी एककानं नेली. मग त्याला शंभराचा भारा सोडावा लागतो, आन् दहातून एक कमी."

खडू तिच्याच हातात दिला.