पऱ्हाटीचा कोळसा आणि नाल्याचं पाणी

हा अंक हातात पडेल तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या मानवत, सेलू, पाथरीच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू असेल. फरदड, म्हणजे हंगामापुढे लांबवलेलं पीक, घ्यायची नाही असं ठरलं की जानेवारीच्या सुमारास पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटायच्या, बांधावर ढीग लावायचे आणि काडी ओढायची, हा आपला रिवाज. गुलाबी बोंडअळीच्या धाकाने ते ढीग रानात ठेवताही येत नाहीत. पूर्वी चुलीला जळण आणि घराला कूड एवढं तरी त्यातून निघायचं. आता गॅस आला, कुडाच्या जागी पत्रा आला. हेक्टरी दोन-तीन टन वाळली पऱ्हाटी अशी धुरात जाते. तुराट्या आणि सोयाबीनचा भुसा तर हिशेबातच नाही.

हाच माल हवा न देता तापवला तर राख होत नाही, कोळसा होतो. त्यालाच शास्त्रज्ञ बायोचार म्हणतात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने त्यासाठी दोनशे लिटरच्या तेलाच्या पिंपाची साधी भट्टी केली आहे. पऱ्हाटीचे तुकडे पिंपात भरून पेटवायचे. आधी पांढराशुभ्र, दाट धूर येतो; ती ओल. मग धूर पिवळट होतो आणि शेवटी पातळ, निळसर. तेवढ्यात झाकण लावून फटी चिखलाने लिंपायच्या. क्षणभर उशीर झाला की हाती राखच. पिंप पूर्ण गार झाल्यावर चांगला कोळसा हाताने मोडतो, मोडताना खणखणतो. वजनाने मालाच्या चौथाई ते तिसरा हिस्सा उरतो.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या मंडळींनी, उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला आणि २००२ मध्ये त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. बंद पिंपात पाचट तापवायचं आणि त्यातून सुटणारा वायू त्याच भट्टीत जाळायचा, ही त्यातली युक्ती. पण तो कोळसा कांडी बनून चुलीत गेला. पाण्याकडे वळला नाही.

कोळशाने द्रावणाचा रंग निघून जातो हे तर रसायनशास्त्रज्ञ टोबियास लोविट्झने १७८५ मध्येच रशियात पाहिलं होतं. कोळसा आतून अगदी सच्छिद्र असतो आणि पाण्यातले रेणू त्या भोकांच्या भिंतींना चिकटून बसतात. भट्टी किती तापली यावर गुण ठरतो. साडेतीनशे-चारशे अंशांवरच्या कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट टिकून राहतात, ते शिसं, कॅडमियम, तांबं धरतात. सहाशेच्या वर गेलं की ते गट उडतात, पण भोकं वाढतात. मग कीटकनाशकं आणि तेलकट सेंद्रिय पदार्थ त्याला जास्त रुचतात.

इथे एक गोम आहे. कोळसा तपासायला प्रयोगशाळेत बहुतेक जण मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरतात. त्याचा भार धन, कोळशाचा बहुधा ऋण. दोघांचं लगेच जुळतं आणि निबंधातले आकडे छान येतात. पण सुती कापडाला सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग ऋणभाराचे असतात. साधा कोळसा त्यांना दूर लोटतो. लोह किंवा मॅग्नेशियमचा लेप दिला तर जमतं, मात्र मग फुकटची पऱ्हाटी फुकटची राहत नाही. फ्लोराइडचीही तीच कथा: ॲल्युमिनियमचा लेप द्यावा लागतो. त्यापेक्षा नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आजही सोपी पडते.

मग परभणीत याचं काय करायचं? आपल्याकडे सोलापूर-इचलकरंजीसारखी रंगाईची मोठी वसाहत नाही. आपलं सांडपाणी म्हणजे घरांचं मैलापाणी आणि साखर कारखान्यांचं पाणी. साखरेच्या पाण्यातली घाण विरघळलेली असते आणि ती जिवाणूच स्वस्तात खातात. तिथे कोळशाचा आग्रह धरणं खुळेपणा. मैलापाण्यातला अमोनिया कोळसा थोडाफार धरतो, नायट्रेट जवळजवळ नाहीच. म्हणून माझं मत असं, की जिवाणूंचं काम झाल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात, वाळू-खडीच्या थरांमध्ये कोळशाचा थर घालावा. कोळसा चाळून दाणेदार घ्यावा, पिठाएवढा बारीक नाही. पिठाने नळी बुजते.

राहता राहिला वापरलेला कोळसा. रंगाचा किंवा जड धातूंचा असेल तर तो शेतात कदापि जाऊ नये. पाण्यातून काढलेलं विष पिकाला दिल्यासारखं होईल. मैलापाण्यातला, तपासून घेतलेला असेल तर जाऊ शकतो. तरी सबुरीने. बायोचारचे मोठमोठे गुण मुख्यतः आम्लधर्मी जमिनींतून कळले आहेत. आपली काळी जमीन आधीच विम्ल आणि हा कोळसाही विम्लच.

वाचकांपैकी कुणी घरी बाटलीत शाई आणि कोळसा घालून पाहील. रंग फिका पडेल, पण ते पाणी पिऊ नका. जंतू तिथेच असतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाला १९७२ पासूनचा अनुभव आहे, स्वतःचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेतकऱ्यांनी आणि महापालिकेने मिळून त्यांच्याकडे एवढंच मागावं: पऱ्हाटीचा कोळसा मिथिलीन ब्लूवर नको, आपल्या नाल्याच्या पाण्यावर तपासून द्या, आणि किलोला खर्च किती येतो तेही सांगा.