गोष्टीने बांधलेला समाज : बेने इस्रायल आणि मराठी

एखादा समाज आपली भाषा विसरला, धर्मग्रंथ गमावून बसला, स्वधर्मीयांशी शतकानुशतके संपर्क उरला नाही, तरी तो स्वतःला वेगळा समाज म्हणून ओळखत राहतो तो कशाच्या आधारावर? या प्रश्नाचा विचार करताना जगाच्या पाठीवर फार दूर जाण्याची गरज नाही. अलिबाग-पेणच्या परिसरात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायलांचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरूनच आलेली आहेत.

त्यांची मूळकथा अशी : फार पूर्वी स्वदेशातून निघालेले एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते गावात पुरली. पोथ्या समुद्रात गेल्या. स्मरणात राहिली ती ‘शेमा’ ही एकेश्वराची ग्वाही देणारी प्रार्थना. नवगावच्या त्या दफनभूमीत आज स्मारकस्तंभ उभा आहे.

या कथेला समकालीन लेखी पुरावा नाही. शिवाय मराठी वाचकाला ती ऐकताना दुसरी एक कथा आठवल्यावाचून राहत नाही. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेते परशुरामाने जिवंत केली, ही चित्पावनांची उत्पत्तिकथा. तोच किनारा, तेच फुटलेले गलबत, तीच चौदाची संख्या. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद घालता येईल. पण त्याहून महत्त्वाचे हे, की कोकणात ‘आम्ही बाहेरून आलो आणि इथलेच झालो’ हे सांगण्याची जी रीत रूढ होती, तीच यहुद्यांनीही आपलीशी केली. परकेपण सांगण्यासाठी त्यांनी निवडलेले रूप अस्सल स्थानिक होते.

गोष्ट पुसट झाली तरी आचार टिकला होता. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई, शब्बाथ पाळला जाई, खवले-पर नसलेला मासा खाल्ला जात नसे. समाजातली दुसरी प्रसिद्ध कथा याच माशाची आहे. डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे रांधायला ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडून घेतले, आणि त्याने आपली माणसे ओळखली. रहाबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण या कथेत परीक्षा पुरोहिताची किंवा पंडिताची होत नाही. ती स्वयंपाकघरात होते आणि बायका ती उत्तीर्ण होतात. आपली ओळख कोणी राखली, याचे समाजाने स्वतःलाच दिलेले हे उत्तर आहे.

सणांचेही असेच. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’, योम किप्पूर हा दारे बंद करून पाळायचा ‘दारफळणीचा सण’, पुरीम हा ‘होळीचा सण’. तिशा बआवला बिरडे करीत, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा तो शोकदिन. पण विध्वंसाची कथा मागे पडली आणि बिरडे राहिले. सण होता, त्याचे कारण हरवले होते.

हे कारण परत मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही अनपेक्षित वाटेने. कोचीहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी विधी शिकवले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, बायबल मराठीत आणले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. प्रत्यक्षात धर्मांतरे फारच थोडी झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठीत वाचून बेने इस्रायल अधिक जाणते यहुदी झाले.

मात्र वाचणे वेगळे आणि एकत्र बसून ऐकणे वेगळे. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्रायलांनी यासाठी कीर्तनाचा आधार घेतला. साकी, दिंडी, आर्या, ओवी ही वृत्ते. हरिदासी कीर्तनाची मांडणी. आणि आख्यान मात्र अब्राहामाचे किंवा योसेफाचे. हिब्रू न समजणाऱ्या श्रोत्यांपर्यंत त्यांचा स्वतःचा इतिहास पहिल्यांदा गाण्यातून पोहोचला. भावांनी विकलेला योसेफ परमुलखात मोठा होतो, ही कथा कोकण सोडून मुंबईच्या गिरण्या, रेल्वे आणि पलटणींत नोकरीला आलेल्या माणसांना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

वल्हांडणाच्या रात्री वाचतात त्या ‘हग्गादा’ या शब्दाचा अर्थच ‘कथन’ असा आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट मुलांना सांगणे हे त्या रात्रीचे धर्मकर्तव्य. 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. ‘इजिप्तमधून आपण स्वतः बाहेर पडलो असे प्रत्येकाने मानावे’ ही हग्गादेची शिकवण त्या चित्रकाराने शब्दशः घेतली, असेच म्हणावे लागेल.

गोष्टीची खरी कसोटी पुढे लागली. 1948 नंतर हजारोंनी बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला : यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी त्यांची वंशपरंपरा शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. ज्या समाजाची पोथीच समुद्रात बुडाली असे तो सांगतो, त्याच्याकडे कागद मागितले गेले. समाजाने निदर्शने केली. 1964 मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि तो आदेश बदलावा लागला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात यहुदी आणि भारतीय अशी दोन्ही वंशमुळे आढळली. गलबताची तारीख त्यातून सिद्ध होत नाही. पण ‘आम्ही बाहेरून आलो आणि इथलेच झालो’ हे कथेचे सार त्याच्याशी विसंगत नाही.

तरीही 1962 च्या अपमानाला उत्तर दिले ते जनुकांनी नव्हे. लढणाऱ्यांजवळ तेव्हा होती ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली एक गोष्ट आणि तिच्याभोवती जमलेली माणसे. कथा खरी की खोटी, हा इतिहासाचा प्रश्न रास्तच आहे. पण कथा कोण सांगतो आणि ती ऐकायला कोण जमतो, हा समाजाच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. इस्रायलमध्ये एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे तीच असतात. जुन्या पिढीने तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. नातवंडांची भाषा मात्र हिब्रू आहे. दोनशे वर्षांपूर्वी या समाजाला हिब्रू येत नव्हते आणि धर्मकथा मराठीतून मिळवाव्या लागल्या. आता मराठी ओसरते आहे आणि नवगावची कथा हिब्रूतून सांगावी लागणार आहे. ती टिकेल, कारण भाषांतर करून जगण्याची या कथेला सवय आहे. पण त्या भाषांतरात साकी-दिंडी आणि बिरडे यांचे काय होईल, हा प्रश्न केवळ बेने इस्रायलांचा नाही. मराठीने एका परक्या समाजाला त्याचा धर्म परत मिळवून दिला, हा आपल्याही भाषेच्या इतिहासातला अध्याय आहे. तो सांगण्याची जबाबदारी आपलीही आहे.